दोन पडदे आणि दोन बाह्या

३ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. मोठं काम हाती घेतलं की त्याची नोंद असावी, म्हणून. काम: हिच्यासाठी कार्डिगन शिवणे.

हिला नोकरी लागली आहे. फुलांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर. १ मार्चला रुजू व्हायचंय. मुलाखतीला कधी गेली ते मला कळलंच नाही. दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून गेली होती, तेव्हा म्हणे. आणि मी त्यानंतर दोन दिवस, हिला मऊ काहीतरी खायला दे, म्हणून आईच्या मागे लागलो होतो.

आमचं पडद्यांचं दुकान आहे. मी मागच्या खोलीत बेततो, शिवतो. पुढे काउंटरवर लग्नापासून ही. आता काउंटर कोण सांभाळणार, एवढंच मी विचारलं. एकदाच. फार तर जेवताना, चहाच्या वेळी आणि दिवा मालवताना. बाकी माझी काहीही हरकत नाही. बायकांनी बाहेर पडलंच पाहिजे, असं मी गिऱ्हाइकांनाही सांगत असतो.

काल ही म्हणाली, तिथे फार गार असतं, एखादा स्वेटर विकत घ्यावा म्हणते. मी चमचा खाली ठेवला आणि जाहीर केलं, मी जिवंत असेपर्यंत या घरात कपडा विकत येणार नाही. आईने विचारलं, मग तुझ्या अंगावरचा शर्ट कुठून आला. आईचं आता वय झालं.

३ फेब्रुवारी, दुपारी

विचार पूर्ण. कार्डिगन म्हणजे काय? समोर उघडणारे दोन भाग, मागे एक भाग, मधे माणूस. म्हणजे दोन पडदे. बाह्या म्हणजे आणखी दोन लहान पडदे, गुंडाळलेले. हे तर मी आयुष्यभर करतोय! फरक एवढाच, की खिडकी चालत नाही.

सुयांवर विणत बसण्याचा प्रश्नच नाही. मशीनवर विणलेलं जाड कापड मिळतं. कापायचं, शिवायचं, झालं. येत्या रविवारी उद्घाटन.

४ फेब्रुवारी

कापड आणलं. हिने गडद निळं सांगितलं होतं. मी मोरपंखी आणलं, कारण गोदामात ती लांबून दिसली पाहिजे. कापड हातात घेतलं की मांजरासारखं अंग सोडून देतं. फार गोड कापड.

मापं घेतली. खिडक्यांची स्टीलची टेप होती, तीच वापरली. टेप छातीभोवती वळेना. वळवली तर सुटून हिच्या कानाला लागली. मग हिला भिंतीशी उभी केली आणि उंची-रुंदी घेतली. रुंदी गुणिले दोन, म्हणजे मागची बाजू आली. ही म्हणाली, मला जाडीपण आहे. मी म्हटलं ते मी धरतो. धरायचं राहिलं आहे.

६ फेब्रुवारी

कापलं! एका दमात!

पडद्याचं कापड आम्ही कसं कापतो, तर लांब टेबलाच्या एका टोकाला चिमट्यांत अडकवायचं, दुसऱ्या टोकाने ओढून ताठ करायचं, मग खडूने रेघ. कापड ताठ नसेल तर रेघ खोटी पडते, असं माझे वडील सांगत. हे कापड तर ओढावं तेवढं यायला लागलं. इतकं समजूतदार कापड मी पाहिलेलं नाही. दोन्ही टोकांना चिमटे लावून रेघा मारल्या, कात्री चालवली, चिमटे काढले.

काढल्यावर कापड आक्रसलं. टेबलावर एक माप, हातात दुसरं. धसका घेतला असेल. उद्या पूर्ववत होईल.

७ फेब्रुवारी

पूर्ववत झालं नाही. शिवणीत सैल पडेल.

कडांचा नवा त्रास. कापलेल्या कडा आपोआप गुंडाळल्या जातात. सपाट केल्या, परत गुंडाळी. त्यांच्यावर सॅम्पलची जाडजूड पुस्तकं ठेवली. एका गिऱ्हाइकाने तेच पुस्तक मागितलं. ही पुस्तक घ्यायला मागे आली, ते उचललं, कड सुर्र करून गुंडाळली गेली. ही पुस्तक घेऊन वळली. पुढे जाताना तिचे खांदे हलत होते. नोकरीची काळजी वाटत असणार.

१० फेब्रुवारी

मशीनने कापड गिळलं. चक्क गिळलं. सुईखाली घातलं ते खाली कुठे गेलं कळेना. पट्टी काढली तर आत गोळा. उपसून काढला. कापडात एक भोक पडलं आहे, पण ते काखेत येईल असं बघतो.

सरळ टीप घातली. जगात सरळ टिपेसारखी टीप नाही. बाकी सगळे नखरे.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी

पहिली ट्रायल.

हिने हात घातला. कोपरापर्यंत ठीक. पुढे हात सरकला तशी शिवण तटतट तुटत गेली, खांद्यापासून मनगटापर्यंत, अगदी क्रमाने. दुसरी बाजूही तशीच. म्हणजे शिलाई दोन्हीकडे सारखी होती, हे कबूल करावं लागेल. लांबी छातीच्या जरा खाली. पुढचे दोन पडदे एकमेकांपासून बरेच दूर. आई चष्मा लावून बघत होती. म्हणाली की पाठीमागून उबदार दिसतंय.

मी शांत राहिलो. धंद्यात आधी सॅम्पल दाखवतात, मग माल. हे सॅम्पल होतं. सुरुवातीपासून माझ्या मनात तेच होतं.

१३ फेब्रुवारी

आज शिवलं नाही. विचार केला.

कार्डिगन तयार होईल. ही अंगात घालेल. आरशात बघेल. तिच्या डोळ्यांत पाणी येईल. म्हणेल की अहो, असा नवरा सोडून मी कुठे त्या फुलांत जाऊ. मी म्हणेन, अगं जा, जा, माझी काळजी करू नकोस, काउंटरचं मी बघतो. ती म्हणेल, नाही, मी जात नाही. मी दोनदा आग्रह करीन. तिसऱ्यांदा करणार नाही.

हे सगळं अगदी सहज व्हायला हवं. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. 'जा, जा' मध्ये आवाज किंचित कापला पाहिजे. जमतंय.

आज काउंटरवर थोडा वेळ मी उभा राहिलो, सराव म्हणून. एका बाईंनी मागच्या वेळचाच रंग द्या म्हटलं. मागच्या वेळचा रंग मला कसा माहीत असणार? ही आतून ओरडली, फिकट बदामी, अस्तर वेगळं. बाई म्हणाल्या, हो, तेच. मला वाटतं गिऱ्हाइकांनीच आपले रंग लक्षात ठेवायला हवेत.

१५ फेब्रुवारी

मेहुणी आली होती. हिची धाकटी बहीण. शिवणाचा क्लास केलेली. तिने सॅम्पल उचलून उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिली. कौतुक असेल असं वाटून मी थांबलो.

मग व्याख्यान. भावोजी, विणीचं कापड कधी ओढायचं नाही, पाळण्यातल्या बाळासारखं टेबलावर नुसतं ठेवायचं. भावोजी, ते आडवं ताणलं जातं, उभं नाही, तुम्ही उलटं कापलंय. भावोजी, त्याला बोथट टोकाची सुई लागते. भावोजी, टीप नागमोडी घालायची, म्हणजे कापडाबरोबर तीही ताणली जाते. मी हं हं केलं. क्लास केलेल्या माणसांना बोलायची सवय असते. ती स्वतः शिवलेलं कार्डिगन घालून आली होती आणि ते तिला नीट बसलं होतं, हा निव्वळ योगायोग.

ती गेल्यावर आई म्हणाली, तिलाच सांग ना शिवायला. मी मशीनला तेल घातलं. घरात थोडी शिस्त पाहिजे.

१६ फेब्रुवारी

रात्री झोपेत एक कल्पना सुचली. पूर्णपणे माझी. कापड ओढायचंच नाही! टेबलावर नुसतं ठेवायचं. आडवं ताणलं जाईल असं धरायचं. आणि टीप सरळ न घालता नागमोडी घातली तर? मशीनवर तसं एक बटण आहे, इतकी वर्षं मी ते शोभेचं समजत होतो.

नवीन कापड आणलं. सुईसुद्धा बदलली. बोथट. मला पहिल्यापासून वाटतच होतं.

१८ फेब्रुवारी

कापलं. टाचण्या लावल्या. खांदे जोडले. गिळलं नाही, तुटलं नाही, गुंडाळलं तर थोडंसंच. मी शीळ घालतोय. मला शीळ येते हे हिला माहीत नव्हतं.

२० फेब्रुवारी, दुपारी

बसलं!!

हिच्या अंगात बसलं. बाह्यांत हात सरळ गेला आणि सरळ बाहेर आला. खांदे खांद्यांवर. पुढचे दोन्ही पडदे एकमेकांवर आले, चांगले दोन बोटं. ही आरशासमोर उभी राहिली, इकडे वळली, तिकडे वळली, हात वर करून खाली केले. म्हणाली, अहो, खरंच छान झालंय हो. आई उठून आली आणि पाठ चाचपून म्हणाली, कुठे तुटत नाही.

मी खाली दुकानात गेलो, परत वर घरात आलो, परत दुकानात गेलो. काय करावं सुचेना. शेजारच्या चष्म्याच्या दुकानदाराला बोलावून दाखवलं. त्याने विचारलं किती घेता. मी म्हटलं, हा माल विकायचा नसतो.

खालचा काठ दुमडायला एक बोट लांबी कमी पडते आहे, एवढंच. ही म्हणाली, राहू द्या, असंच द्या मला. तसंच द्यायचं? एवढं झाल्यावर? अशी घाई मी कधी केलेली नाही.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी

उपाय आपल्या धंद्यातच आहे. कुठलाही पडदा शिवला की आम्ही लगेच खालची दुमड घालत नाही. आधी दांडीवर लटकवून ठेवतो. कापड आपल्या वजनाने खाली बसतं, मग दुमड. आणि चांगला पडदा असेल तर खाली शिशाच्या मण्यांची साखळी घालतो, म्हणजे झोळ राहत नाही. क्लासमध्ये हे शिकवत नाहीत.

खांदे चिमट्यांनी दांडीला अडकवले, कार्डिगन दुकानाच्या दर्शनी भागात लावलं, खाली साखळी. एका बाजूला झुकू नये म्हणून दोन्ही बाह्यांच्या टोकांनाही एकेक साखळी. आता कापडाचं काम कापड करेल.

२१ फेब्रुवारी

एक बोट आलं. अगदी हवं तेवढं. अजून एक दिवस ठेवतो, म्हणजे पक्कं बसेल.

२२ फेब्रुवारी

चार बोटं. हरकत नाही. गार हवेत लांबच बरं.

२४ फेब्रुवारी

काल दिवसभर एका हॉटेलच्या पडद्यांत अडकलो होतो, तिकडे बघायचं राहिलं. आज बघतो तर कार्डिगनचा खालचा काठ दर्शनी कट्ट्याला टेकलेला. एका गिऱ्हाइकाने विचारलं, हा पडदा कुठल्या खिडकीसाठी, मधे हात कशाला दिलेत. मी म्हटलं ऑर्डरचा आहे.

साखळ्या काढल्या. कापड वर जात नाही. खाली येताना कसं आनंदाने येत होतं.

२५ फेब्रुवारी

लांबी हिच्या पोटऱ्यांपर्यंत. बाह्या हातांपेक्षा हातभर मोठ्या. पण उंची वाढली तशी रुंदी घटली. कुठे जाते ती रुंदी? मेहुणीला फोन करून सहज, गप्पांच्या ओघात विचारलं, समजा कुणी असं विणीचं कापड वजन लावून टांगलं, तर? तिकडे तिचं मशीन थांबलं. मग म्हणाली, भावोजी, खरं सांगा.

फोन कट झाला. म्हणजे मी केला.

निर्धार: डोकं शांत ठेवायचं. अजून वेळ आहे. जगात एकही कापड असं नाही जे कात्रीपुढे नमत नाही.

२६ फेब्रुवारी

खालून कापलं. कापलेला काठ लाटांसारखा झाला, वरखाली, वरखाली. मी त्याला झालर म्हणायचं ठरवलं आहे. बाह्या दोनदा दुमडून टाके घातले, त्यामुळे मनगटाशी थोडा फुगवटा आला. जुन्या फोटोंत असतात तशा बाह्या. गळा फार पसरला होता. तिथे आमच्या दुकानाची खासियत वापरली: तिहेरी चुण्या. गळ्याभोवती सगळीकडे. हिची मान आता मोठ्या हॉलच्या खिडकीसारखी रुबाबदार दिसेल.

२७ फेब्रुवारी

बटणं. काजं करताना काजं वाढतात. बटण घालावं तर इकडून जातं आणि तिकडून बाहेर येतं. मोठी बटणं आणली, काजं आणखी वाढली. शेवटी पडदा एका बाजूला बांधायला जो गोंड्याचा पट्टा असतो तो कमरेला लावला. सोनेरी आहे. कामाच्या ठिकाणी जरा भारी वाटेल, पण सुपरवायझर आहे शेवटी.

ही आज संध्याकाळी मला समोर बसवून काउंटरचं समजावत होती. कुठल्या कप्प्यात काय, कुणाला कुठला रंग. मी मान हलवत होतो. लक्ष कार्डिगनकडे होतं. शिवाय हे शिकण्याची वेळच येणार नाही, हे तिला अजून माहीत नाही.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी

अंतिम ट्रायल. आजच व्हायचं ते होणार होतं. मी 'जा, जा' तोंडातल्या तोंडात म्हणून ठेवलं होतं.

हिने घातलं. मी मागून पट्टा बांधला, चुण्या सारख्या केल्या. ती आरशाकडे वळली. बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं! मी घसा खाकरून ठेवला. मग ती पलंगावर बसली, मग पलंगावरून खाली जमिनीवर बसली, आणि हसत सुटली. आई धावत आली, तिने बघितलं, तीही दाराला धरून हसायला लागली. आईला गोंडा हलताना बघवेना. मग मीही हसलो. आनंदाने. घरात एवढं हसू बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

मी वाट बघत होतो. हिने पदराने डोळे पुसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि विचारलं की माझे बंद बूट कुठे ठेवलेत, उद्या सकाळी शोधत बसायला नको.

वेळ घेईल. एवढा मोठा निर्णय आहे. सकाळी सांगेल.

१ मार्च, सकाळी

ती गेली.

मी कार्डिगनला इस्त्री करून खुर्चीवर ठेवलं होतं. ती तयार होऊन आली तेव्हा अंगात एक जॅकेट होतं. गडद निळं, आतून मऊ, खिशावर गोदामाचं चिन्ह. मी विचारलं, हे कुठलं. म्हणाली, तिथे सगळ्यांना देतात. मी विचारलं, कधी दिलं. म्हणाली, कागदपत्रं द्यायला गेले होते तेव्हा, तुम्ही पहिलं कापड कापत होतात ना, त्याच आठवड्यात.

मग इतके दिवस सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. आवाज जरा चढला असेल. तिने बुटाची नाडी बांधून घेतली, उभी राहिली, माझी कॉलर सरळ केली.

"तुम्ही शिवायला बसलात तेव्हापासून काउंटर कोण सांभाळणार, हे एकदाही विचारलं नाहीत. मला तेवढीच शांतता मिळाली."

मी 'जा, जा' म्हणालो. म्हणजे तसं म्हणायचं ठरलं होतं म्हणून नव्हे. दुसरं काही सुचलं नाही. आवाज कापला, पण तोवर ती जिना उतरली होती.

१ मार्च, दुपारी

पहिलं गिऱ्हाईक: वहिनी कुठे आहेत? दुसरं गिऱ्हाईक: वहिनी नाहीत का? तिसरं गिऱ्हाईक आत डोकावलं, मला बघितलं आणि उद्या येते म्हणालं. कप्पे उघडून बघितले. काल तिने सांगितलेलं काहीच आठवत नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांना अस्तर दाखवता दाखवता बाथरूमचे पडदे दाखवले.

जेवताना आईने विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, मला ती जायला नको होती. आई म्हणाली, हे तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि मग म्हणाली, तिलाही माहीत होतं. लिहून ठेवतो. इथे कोण वाचणार आहे.

१ मार्च, संध्याकाळी

शटर लवकर ओढलं. गिऱ्हाईक नव्हतंच. पाय मोकळे करायला निघालो आणि चालत चालत कोल्ड स्टोरेजच्या फाटकाशी पोचलो. रस्ता तिकडेच जातो.

सुटायची वेळ झाली तशा बायका बाहेर यायला लागल्या. ही शेवटी आली, दोघी-तिघींच्या मधून, काहीतरी सांगत, हात हलवत. नाक गारठ्याने लाल झालेलं. मला बघून थांबली. मी म्हटलं, इकडून जात होतो. ती म्हणाली, हो का.

जॅकेटच्या बाह्या तिला लांब होतात. दोनदा वर दुमडल्या होत्या. मी म्हटलं, अगं, रात्री देतेस का, आखूड करून देतो, पाच मिनिटांचं काम आहे.

"त्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

मग घरी येईपर्यंत तीच बोलत होती.